उस्तादांना पाठवलेली चिठ्ठी

आमच्या घरी भात शिजला की पहिली वाटी जेवणासाठी नाही, खळीसाठी निघायची. आई गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाचा मऊ भात जर्मनच्या वाटीत काढून द्यायची आणि मी तो बोटांनी रगडत बसायचे. त्या खळीनं पुस्तिकांची कव्हरं चिकटायची. माझे बाबा साकोलीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. एकोडीहून रोज सायकलीनं जायचे. इतर दिवशी लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं, आणि सुटीच्या दिवशी, मालकाच्या परवानगीनं, उरल्यासुरल्या कागदावर स्वतःच्या सोळा पानी पुस्तिका. ‘हुंडा घेणाऱ्याच्या लग्नात जेवू नका.’ ‘अंगात येणं म्हणजे काय?’ ‘मुलीला सातवीतून काढणाऱ्या बापास पत्र.’ मी शाळेत जायच्या आधी छापखान्यात गेले, त्यामुळे मला अक्षरं आधी उलटी वाचता आली, सुलटी नंतर. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा अर्ध्या सोयऱ्यांच्या पत्रिकांवरचा जिल्हा बदलला. तिरोड्याची आत्या तर भावावरच चिडली. “मले न इचारता कोनं परजिल्ह्यात टाकलं?” असं ती बाबांना विचारत होती, जणू बाबांनीच खिळे हलवून तिला पलीकडे नेलं होतं.

घरात नियम फार नव्हते. जेवताना कोणी कोणाची वाट पाहायची नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही, आणि खोटं छापायचं नाही. खोटं बोललं तर बाबा एक वेळ हसून सोडून देत. छापलं तर नाही. “बोललेलं वाऱ्यावर जाते, बाई,” ते म्हणायचे, “छापलेलं लोकाईच्या घरात जाऊन बसते. मंग ते तिथून कोन उठवनार?” एकदा एका पत्रिकेवर नवरदेवाच्या नावापुढे त्यानं न मिळवलेली पदवी घालायला गिऱ्हाइकानं सांगितलं, तर बाबांनी पत्रिका तशीच अर्धी जुळवून ठेवली आणि सायकल काढून घरी आले. मी या नियमांवर वाढले आणि त्यांच्यापेक्षा चार पावलं पुढे गेले. बाबांच्या बोलण्यात हसू असायचं, माझ्यात नव्हतं. सतरा वर्षांची मुलगी जेवढी कडक असू शकते त्याच्या दुप्पट मी होते. आईनं नवी साडी नेसली तरी मला त्यात काहीतरी धोरण दिसायचं.

बाबांच्या पुस्तिकांपैकी गावोगाव गेली ती मात्र उपदेशाची नव्हे, गाण्यांची. ते पेटी वाजवायचे आणि भीमगीतं लिहायचे. आमच्याकडे गाण्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ छापायची पद्धत आहे. कवी लिहितो, पण चाल कुठून घेतली ते प्रामाणिकपणे सांगतो. कुठलं सिनेमाचं गाणं, कुठलं दंडारीच्या खेळातलं, कुठलं लग्नातलं. गाणाऱ्यालाही त्यावरून कसं म्हणायचं ते कळतं. बाबांच्या पुस्तिकेत अठरा गाणी होती. सतरा गाण्यांवर दुसऱ्याची चाल होती. एकाच गाण्यावर लिहिलेलं होतं, ‘चाल : स्वतंत्र’. आणि तेच गाणं सगळ्यांना पाठ होतं.

‘हाती लेखणी आली, आता वाकू कशाला मी?
उजेड दारी आला, आता झाकू कशाला मी?’

लाखांदूरपर्यंतच्या पट्ट्यात जयंती असो की लग्न, हे गाणं झाल्याशिवाय मांडव सुटत नसे. अनोळखी माणूस मला विचारायचा, “तू ‘वाकू कशाला’वाल्याची पोरगी होय काय?” मी मान ताठ करून हो म्हणायचे. पुस्तिकेतले ते दोन शब्द मी शंभर वेळा वाचले असतील. बाबांची चाल. स्वतंत्र. जमीन नाही, वाडवडिलांचं काही नाही, पण जगात एक चाल अशी आहे जी आधी नव्हती आणि माझ्या बाबांमुळे आली.

आता मंडईचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. धान कापणीला आलेलं असतं, सोयरेधायरे जमतात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडतात, आणि दुपारी मंडपात दुय्यम कव्वाली रंगते. एका बाजूला शायर आणि त्याची पार्टी, दुसऱ्या बाजूला शायरा आणि तिची पार्टी, एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. पण आमच्याकडचे ऐकणारेही गप्प बसत नाहीत. कोणालाही वाटलं तर त्यानं सवालाची चिठ्ठी लिहायची आणि हातोहात पुढे द्यायची. चिठ्ठी आली की पार्टी थांबते. खाली नाव आणि गाव नसेल तर शायर ती फाडतो. असेल तर मोठ्यानं वाचून उत्तर द्यावंच लागतं, त्याशिवाय पुढचं गाणं नाही. जिल्हा फुटल्यानंतरच्या मंडईत एका नावाजलेल्या शायरानं बाईमाणूस समान म्हणून फार सुंदर गायलं. मी चिठ्ठी पाठवली : ‘तुमच्या घरी भांडी कोण घासते?’ खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. शायरा पदर तोंडात धरून हसली. शायर पेटीवर बोटं ठेवून सुरात म्हणाला की आजपासून मी घासीन, अन् नाही घासली तर एकोडीच्या या पोरीनं घरी येऊन पाहावं. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मला वाटलं, कला म्हणतात ती ही. जो गातो त्याला विचारता आलं पाहिजे.

पुढे मला परदेशात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली आणि मी उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात येऊन पडले. आईनं पिशवीत तांदूळ, तिखट आणि जुन्या लुगड्यात बांधलेली वाळकी मासोळी दिली होती. दुसऱ्याच रविवारी मी ती तव्यावर टाकली आणि छताला लावलेलं एक यंत्र असं किंचाळायला लागलं की आमच्या वसतिगृहाच्या चारही मजल्यांवरची मुलं थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहिली. कोणी गोधडी पांघरलेलं, कोणाच्या डोक्याला साबण. त्यांच्यात कानपूरची रुबीना होती. ती नाक वर करून म्हणाली, “किसने बनाई है? बची है क्या?” तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. ती रसायनशास्त्र शिकत होती, सतत काहीतरी गुणगुणायची, मला मित्रा म्हणायची, आणि माझ्या कडकपणाला तिनं ‘कर्फ्यू’ नाव दिलं होतं. “कर्फ्यू उठा कि नहीं?” असं विचारतच खोलीत यायची.

एके दिवशी ती दोन तिकिटं नाचवत आली. एक फार मोठे उस्ताद येणार होते, हिंदुस्थानातले, सत्तरी ओलांडलेले, जगभर नाव असलेले कव्वाल. (त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय हा किस्सा त्यांच्या नावावर खपवणं मला पटत नाही.) मी म्हटलं, मी येणार नाही. घराणं म्हणजे सुरांची जात, असा एक लेख मी त्याच महिन्यात आमच्या विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकात लिहिला होता. आजा गायला म्हणून नातू थोर, हे मला मान्य नव्हतं. अजूनही फारसं नाही. रुबीना म्हणाली, “तो आके सुन, फिर गाली दे. बिना सुने गाली देना भी तो झूठ है.” हे मात्र मला लागलं. मी वही-पेन घेऊन निघाले, पुढच्या लेखासाठी. आज ती वही माझ्यापुढे आहे. तिच्यात त्या दुपारच्या चारच ओळी आहेत. पहिली : ‘लोक उभे राहून स्वागत करतात. का?’ दुसरी : ‘गालिचा.’ तिसरी : ‘आवाज’, आणि त्यापुढे काही नाही. चौथी ओळ रेघेवर नाहीच, तिरपी पानभर गेली आहे आणि मलाही वाचता येत नाही.

रविवारची दुपार होती. सभागृह मोठं, लाल खुर्च्यांचं. आपल्याकडची कुटुंबं डबे घेऊन आली होती, इंग्रज म्हातारे कोट मांडीवर घेऊन शिस्तीत बसले होते. उस्ताद आले, बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि एक सूर लावला. एवढंच. मी मंडईतल्या कर्ण्यांतून गाणं ऐकलेलं, फाटक्या, दणदणीत, धुळीतल्या आवाजात. हा आवाज तिथलाच होता, पण कोणीतरी तो धुऊन उन्हात वाळत घातल्यासारखा. टाळ्या धरणारे सहाजण एकदम वाकले आणि टाळी पडली, तशी माझ्या खुर्चीखालची जमीन हलली. दुसऱ्या कव्वालीला माझे पाय ऐकेनात. तिसरीला मी रुबीनाच्या मांडीवर ताल धरला होता आणि ती ओरडत होती, “अपनी जाँघ पे मार, कर्फ्यू!” माझ्या पुढच्या रांगेत टोपी घातलेल्या एक इंग्रज आजी होत्या, त्या टोपी काढून हातात घेऊन डोलत होत्या. मला हसू येत होतं, का ते कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाच्याही बाजूनं किंवा विरुद्ध नव्हते.

आणि मग कोणीतरी मागून एक जुनी चीज गायची फर्माईश केली. उस्ताद हसले, “अरे, ये किसको याद है?” म्हणाले आणि सुरू झाले.

ती बाबांची चाल होती.

शब्द ब्रजातले, काहीतरी नदी आणि नावाड्याचे. पण चाल तीच. ‘हाती लेखणी आली’ जिथं चढते तिथंच चढणारी, ‘उजेड दारी आला’ जिथं थांबते तिथंच थांबणारी. मी रुबीनाचा हात धरला. “ये मेरे बाबा की चाल है!”

“पागल है? ये बहुत पुरानी चीज है. मेरी नानी सुनती थी.”

“बाबा की भी पुरानी है. मैं पालने में थी तब की.”

“मित्रा, उस्ताद तेरे गाँव आए थे क्या चुराने?”

“कोई तो लाया होगा! किताब में छपा है. स्वतंत्र लिखा है. हमारे घर में झूठ नहीं छपता.”

आता हे लिहिताना मला तेव्हा मी होते त्या मुलीची कीव येते आणि थोडा हेवाही वाटतो. तिच्याजवळ किती सरळ पुरावा होता! छापलं आहे, म्हणजे खरं आहे. आणि छापलेलं जर खरं असेल तर हे जगप्रसिद्ध उस्ताद चोर आहेत. साकोलीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाची, ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याची, एकुलती एक चाल यांनी उचलली. मोठ्यांनी लहानांचं उचलायचं आणि लहानांना कळूही द्यायचं नाही, या विषयावर तर मी झोपेतही सोळा पानं लिहिली असती. पण मी सभात्याग केला नाही, ओरडलेही नाही. एकोडीचा कोणीही शहाणा माणूस जे करेल तेच मी केलं. मी चिठ्ठी लिहिली.

कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, हिंदीत, ठळक अक्षरांत. मग पुढच्या आजींच्या खांद्यावर टिचकी मारली आणि कागद देऊन मंचाकडे बोट दाखवलं. रुबीनाला मी काय करते आहे ते तेव्हा कळलं. तिनं झडप घातली, पण चिठ्ठी निघून गेली होती. इंग्रज माणसाच्या हातात कागद द्या आणि पुढे द्या असं सांगा, तो वाचत नाही, विचारत नाही, पुढे देतो. रांगेमागून रांग माझी चिठ्ठी अत्यंत अदबीनं चालली. रुबीना खुर्चीवरून घसरत घसरत जवळजवळ जमिनीवर पोचली. मंचाच्या पायरीशी सूट घातलेल्या एका स्वयंसेवकानं चिठ्ठी अडवली, पण उस्तादांनी गाता गाताच हात केला : येऊ दे. तेही अशाच मंडपांतून वर आलेले असणार. त्यांनी चीज संपवली, खिशातून चष्मा काढला, “फर्माईश है शायद,” म्हणाले आणि माइकसमोर मोठ्यानं वाचायला लागले.

“‘उस्ताद जी, सवाल है. यह चाल मेरे पिताजी की है, जो किताब में छपी है. आपने किससे पूछकर ली? जवाब मंच से दिया जाए.’” उस्तादांनी चष्मा नीट केला आणि खालचंही वाचलं, एकेक शब्द, एखाद्या बादशहाचा किताब वाचावा तसा. “‘संघमित्रा मेश्राम. मुक्काम पोस्ट एकोडी. तालुका साकोली. जिला भंडारा.’”

माझ्या गावाचं नाव त्या लाल खुर्च्यांवरून फिरलं. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी फुटेन असं वाटलं.

“कौन हैं ये साहिबा? जरा खड़ी हों.”

मी उभी राहिले. पाचशे माना वळल्या. माझा हात रुबीनानं खालून गच्च धरला होता, आधार म्हणून की ओढायला ते अजून ठरलेलं नाही.

“आपके यहाँ सवाल ऐसे भेजते हैं?”

“जी. नीचे नाम-गाँव न हो तो फाड़ देते हैं.”

“और जवाब न दे तो?”

“तो आगे का गाना नहीं होता.”

उस्ताद मागे वळून साथीदारांना म्हणाले, “सुना? रोजी-रोटी का मामला है.” सगळे हसले. मग त्यांनी हात जोडले नाहीत की रागावलेही नाहीत. त्यांनी खरंच उत्तर दिलं. ही चीज त्यांच्या आजोबांनी गायली, आजोबांना ती एका नावाड्यानं शिकवली, नावाड्यानं कुठून आणली हे कोणी विचारलं नाही. “पूछना चाहिए था,” ते म्हणाले. “आप होतीं तो पूछतीं. अच्छा, आपके वालिद इसे कैसे गाते हैं? सुनाइए.”

मी कधीच गाणारी नव्हते. पण सवाल करणाऱ्याला मागे हटता येत नाही. मी गायले. ‘हाती लेखणी आली, आता वाकू कशाला मी.’ पहिली ओळ कापत गेली, दुसरीला ढोलकवाल्यानं मला उचललं, तिसऱ्यांदा सहाजणांची टाळी पडली आणि मग मला थांबता येईना. टोपीवाल्या आजी माझ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होत्या. रुबीना जमिनीवरून उठून माझ्याबरोबर ‘काशाला मी, काशाला मी’ म्हणत होती. आणि मंचावर उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी एकदम हात वर केला.

“रुकिए. ये आखिर में क्या किया? फिर से.”

‘कशाला मी’ला चाल वर जात नाही, बाबा तिला हळूच खाली उतरवतात, जिन्यावरून उतरताना एक पायरी गाळावी तशी. मी पुन्हा म्हटलं.

“ये हमारे यहाँ नहीं है,” ते म्हणाले. “हम ऊपर जाते हैं.” त्यांनी स्वतः म्हणून पाहिलं, खाली उतरून, दोनदा, आणि दुसऱ्यांदा सभागृहातून ‘वाह’ निघाला. “चाल आपके वालिद की नहीं है, बेटा. मगर ये मोड़ उनका है. मोड़ बहुत अच्छा है. अब मैं ये लेना चाहता हूँ, सबके सामने पूछकर. इजाजत है?”

कोणीही दुसरी असती तर हो म्हणून रडली असती. मी म्हटलं, “मेरा नहीं है, मैं कैसे दूँ? बाबा से पूछकर बताऊँगी.”

त्या हास्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. उस्ताद मांडीवर थाप मारून हसले. “पूछिए,” ते म्हणाले. “मैं तब तक ऊपर ही जाऊँगा.”

परतताना रुबीना आणि मी बस सोडून चालत आलो, रस्ताभर गात, हसत. पण खोलीच्या दारात किल्ली शोधताना उस्तादांचं वाक्य आठवलं. चाल आपके वालिद की नहीं है. मग ‘स्वतंत्र’ कोणी छापलं? परवानगी मागायची तर हे सांगावं लागणार, आणि सांगितलं तर बाबांच्या हातून ती एकुलती एक वस्तू मीच काढून घेणार. न सांगता ‘एका उस्तादांना तुमचं वळण आवडलं’ एवढंच म्हणता आलं असतं. रात्रभर मी दोन्ही वाक्यं मनात जुळवून पाहिली.

फोन आमच्या घरासमोरच्या किराणा दुकानात यायचा. दुसऱ्या दिवशी मी लावला, तर बाबा धापा टाकत आले. “बोल, बाई. जेवली काय?”

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पलीकडे फक्त दुकानातला तराजू वाजत होता.

“बाबा, आयकून राह्यले काय?”

“आयकून राह्यलो. त्यानं कोन्ती जागा म्हनली?”

“‘कशाला मी’ची. खाली येते ती.”

“ते माही होय,” बाबा म्हणाले. “ते खरंच माही होय. बाकी नाही, बाई.”

तिरोड्याच्या मंडईत, मी पाळण्यात असताना, एका पानठेल्यावर ती चाल वाजत होती. बाबांनी उभ्या उभ्या दोनदा ऐकली. कोण गातो म्हणून विचारलं, तर पानठेलेवाला म्हणाला, कॅसेटीवर नावच नाही. मग सायकलीवर गुणगुणत एवढं अंतर आले आणि घरी पोचेपर्यंत शेवट विसरले. “इसरलो तिथं म्या आपलं जोडलं,” ते म्हणाले. “छापाच्या वक्ती चालीपुढं नाव पाह्यजे, नाव मालूम नाही. मालूम नाही असंच छापाले पाह्यजे होतं. हात गेला नाही. ‘स्वतंत्र’ छापलं. म्हटलं, नाव भेटलं का बदलवू. मंग लोकं माही चाल, माही चाल म्हनाले लागले. तूही म्हनाले लागली.”

माझ्याजवळ अशा वेळेसाठी कितीतरी वाक्यं तयार होती. मीच लिहिलेली, छापलेली. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. आलं ते हसू.

“हासून काहून राह्यली?”

“बाबा, मी त्या माणसाले पाचशे लोकांसमोर चोर म्हटलं!”

“अरे बापरे!” बाबा म्हणाले. “मंग तो काय म्हने?”

“तो तुमची परवानगी मागते. वळणाची.”

आता बाबा हसायला लागले. ते हसू खोकल्यात गेलं, खोकल्यातून परत हसण्यात आलं, आणि मागून दुकानदार विचारत होता, काय झालं, काय झालं. “घे म्हना,” बाबा म्हणाले. “म्या त्याची पुरी चाल घेतली, त्यानं माहं एक वळन घेतलं. घे म्हना त्याले. आन थांब, त्याचं नाव सांग. पुरं नाव सांग. कागद दे गा भाऊ, पेन दे. हं. सांग.”

मी नाव सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर परत म्हणवून घेतलं, खिळा तपासावा तसं. परवानगी मी लिहून, त्यांची सही मागवून, आयोजकांच्या पत्त्यावर पाठवली. ती उस्तादांना मिळाली की नाही, ते पुढे खाली उतरले की वरच गेले, मला माहीत नाही.

पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढचे तीन-चार महिने आईच्या प्रत्येक फोनमध्ये तेच. “तुहा बाप पागल झाला, बाई. पेन घेऊन फिरून राह्यला. ज्याच्या घरी किताब हाय त्याच्या घरी जाते, मांगते, ‘स्वतंत्र’ खोडते आन त्या मोठ्या मानसाचं नाव लिवते. लोकं म्हनते, राहू द्या जी, कायले खोडता? त आयकत नाही.” सुटीच्या दिवशी एसटीनं साकोली, लाखनी, पवनी. कोणाला किती प्रती दिल्या याची त्यांच्याजवळ यादी नव्हती, डोक्यात सगळं होतं. कुणी चहा पाजून दुरुस्ती करून घेतली, कुणी भांडलं, एका मंडळानं तर सभा घेऊन ठराव केला की चाल बाबांचीच मानावी. बाबांनी त्या ठरावावर आक्षेप लिहून दिला.

शेवटी गेले ते लाखांदूरकडच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईकडे. तिनं स्वतःच्या तिन्ही मुलींच्या लग्नात ते गाणं म्हटलं होतं. बाबांनी पुस्तिका मागितली. कशाला, तिनं विचारलं. बाबांनी उस्तादांचं नाव सांगितलं, पानठेला सांगितला, सगळं सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन पुस्तिका आणली, पाटाखाली घातली आणि त्या पाटावर बसली.

“मावशी, उठा जी,” बाबा म्हणाले. “खोटं छापलं हाय ते.”

“मी तुमच्या तोंडून आयकलं,” ती म्हणाली. “मी कोनाच्या तोंडून आयकलं ते लिवून देता काय? द्या मंग.”

बाबांनी दुपारभर वाद घातला. तिनं बसल्या बसल्याच सुनेला हाक मारून त्यांना जेवू घातलं, मासोळीचा रस्सा आणि भात, पण पाटावरून हलली नाही. बाबा एसटीनं घरी आले, पेन खुंटीवरच्या सदऱ्याला लावलं आणि आईला म्हणाले, “झाल्या साऱ्या. एक राह्यली.”

आई सांगते, हे म्हणताना ते हसत होते.